दोनशे ग्रॅमचा हिशेब

किनवट-माहूरच्या जंगलात ऊन तापू लागलं की टेंभुर्णीची पानं तोडायचा हंगाम सुरू होतो. पानांचे पुडे बांधायचे, वाळवायचे आणि विडीच्या धंद्याकडे रवाना करायचे. बिलोलीकडच्या माणसाला या पानाची ओळख करून द्यायला नको. मांजरा ओलांडून बोधन-निजामाबादकडे गेलं की दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसतात, आणि सुपात असतं ते हेच पान. टेंभुर्णीचं शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. तिची एक बहीण अमेरिकेत वाढते, डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना. तिकडे तिला पर्सिमन म्हणतात. आपल्याकडच्या बहिणीचं पान विडीला गेलं, तिकडच्या बहिणीचं खोड गोल्फला गेलं. विसाव्या शतकाचा बराचसा काळ लांब फटक्याच्या चांगल्या गोल्फ क्लबचं, म्हणजे काठीचं, डोकं पर्सिमनच्या लाकडाचंच असे. आज ते कार्बनच्या थरांचं होऊ लागलं आहे, आणि मधली गोष्ट सगळी वजनाच्या हिशेबाची आहे.

आमच्या पंचक्रोशीत गोल्फ कुणी खेळत नाही. महाराष्ट्रात बहुतेकांचा या खेळाशी संबंध नावापुरताच. नाशिककर रोज सकाळी ‘गोल्फ क्लब’वर फिरायला जातात ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, आणि तिथे सामने होतात क्रिकेटचे. तसा हा खेळ आपल्या देशात जुना. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९चा, आणि मुंबईतही १८४२मध्ये क्लब निघाला होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये उदयन माने भारताकडून खेळला, अदिती अशोक चौथी आली आणि तिचं पदक थोडक्यात हुकलं, तेव्हा कुठे आपल्याकडे चार लोकांत गोल्फचा विषय निघाला. खेळ श्रीमंतांचा, हे खरंच. पण त्याची काठी ज्या विद्येवर चालते ती विद्या आपल्या सुताराच्या दुकानापासून लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यापर्यंत सगळीकडे उपयोगाची आहे. म्हणून हा खटाटोप.

गोल्फच्या पिशवीत नियमाप्रमाणे १४ काठ्या ठेवता येतात. त्यांतली सर्वांत लांब काठी म्हणजे ड्रायव्हर. डाव सुरू करताना चेंडू जास्तीत जास्त दूर धाडायचा तो हिच्याने. तिच्या टोकाला असलेल्या डोक्याचं वजन साधारण २०० ग्रॅम भरतं. यापेक्षा जड केलं तर काठी वेगाने फिरत नाही, हलकं केलं तर चेंडूला जोर मिळत नाही. गेली कित्येक वर्षं हा आकडा फारसा हललेला नाही. लाकूड गेलं, पोलाद आलं, टायटॅनियम आलं, कार्बन आला. २०० ग्रॅम तिथेच राहिले. त्यामुळे डोकं घडवणाऱ्यापुढे एकच प्रश्न उरतो: हे २०० ग्रॅम कुठे ठेवायचे?

फटक्याच्या क्षणी काय होतं ते आधी पाहू. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. व्यावसायिक खेळाडूच्या फटक्याने तो सेकंदाला ७५ मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, आणि डोक्याचा-चेंडूचा स्पर्श असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. एवढ्या वेळात शून्यावरून त्या वेगाला जायचं तर सरासरी जोर लागतो सुमारे ७,००० न्यूटन. वजनाच्या भाषेत सांगायचं तर सात क्विंटल. तुरीची सात पोती एकावर एक रचून त्यांचा सगळा भार हातात मावणाऱ्या एका चकतीवर क्षणभर टेकवावा, असा तो मार. आणि हा सरासरीचा आकडा झाला. ऐन मध्यावर जोर याहूनही चढतो. असा मार हजारो वेळा सोसायचा, फुटायचं नाही, चेपायचं नाही, आणि वजन मात्र २०० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही.

पर्सिमनने ते काम चोख केलं. लाकूड घट्ट, चिवट, मार सोसणारं. कारागीर ठोकळा चरकावर उतरवत, जवसाचं तेल मुरवून त्याला पाण्यापासून वाचवत, तळाला पितळी पट्टी ठोकत आणि पट्टीखाली भोक पाडून शिसं ओतून वजन जमवत. पण भरीव लाकडाला एक अडचण कायमची. त्याची घनता ०.८च्या आसपास, म्हणजे डोक्याचं आकारमान वजनानेच ठरून जातं. आजचे ड्रायव्हर ४६० घन सेंटिमीटरचे असतात, नियमाने तेवढीच परवानगी आहे. त्या आकाराचं भरीव पर्सिमनचं डोकं केलं तर पितळ-शिसं न धरताच ते ३६८ ग्रॅम भरेल. शिवाय झाड म्हटलं की गाठ आली, वाकडी रेषा आली, एका ठोकळ्यासारखा दुसरा नाही. पर्सिमनचं जुनं, घट्ट लाकूड मिळणंही पुढे पुढे अवघड होत गेलं.

इथे थरांची विद्या पहिल्यांदा या खेळात शिरली. दुसऱ्या महायुद्धानंतर मेपलच्या पातळ पापुद्र्यांवर गोंद लावून, ते दाबाखाली एकजीव करून ठोकळे बनवले जाऊ लागले आणि त्यांतून डोकी कोरली जाऊ लागली. मोठ्या खेळाडूंनी नाक मुरडलं. त्यांच्या मते पर्सिमनचा हाताला येणारा बोल या जोडकामात नव्हता. पण पापुद्र्यांचं डोकं स्वस्त पडे, सगळी डोकी सारखी निघत आणि दमट हवेत त्यांचा आकार कमी बदले. पिंग या अमेरिकी कंपनीने तर १९८०च्या दशकातही थरांच्या मेपलचे क्लब विकले आणि ते खपले.

हे पापुद्र्यांचं गणित बिलोलीच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो न लिहिता सांगेल. लाकूड रेषांच्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने कमकुवत असतं. म्हणून कुऱ्हाडीचा दांडा निवडताना रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेली आहे की नाही, हे शेतकरी आधी पाहतो. पावसाळ्यात दार फुगून अडकतं तेही आडव्या दिशेनेच. उंचीत ते फारसं वाढत नाही. प्लायवूड करताना एक पापुद्रा उभा, त्यावरचा आडवा, पुन्हा उभा, असे ठेवतात. मग कुठलीच दिशा पूर्ण उघडी पडत नाही, आणि एका पापुद्र्याला फुगायचं असलं तरी शेजारचा त्याला फुगू देत नाही. प्लायच्या कडेला बोट लावून थर मोजा. ते बहुतेक वेळा विषम भरतात: तीन, पाच, सात, नऊ. कारण मधल्या थराच्या वर जे आहे तेच खाली यायला हवं. दोन्ही अंगांना ओढ सारखी नसली की फळी वाकते.

सनमायकाचंही तसंच. तो पत्रा प्लॅस्टिकचा आहे असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदांचा गठ्ठा आहे, तापवून आणि दाबून घट्ट केलेला: वर नक्षीचा कागद, खाली तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर. वरचं आणि खालचं रेझिन वेगळं असल्यामुळे सुटा पत्रा उन्हात ठेवला की सुरळी होऊ पाहतो. कपाटाच्या पल्ल्याला फक्त बाहेरून सनमायका लावला आणि आतून काहीच नाही, तर वर्षभरात पल्ल्याला बाक येतो आणि कुलूप बसेनासं होतं. म्हणून जाणता मिस्त्री आतूनही एक स्वस्तातला पत्रा लावतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा खर्च वाढवतोय. विमानाच्या पंखात कार्बनचे थर लावणारा अभियंता नेमका हाच नियम पाळतो, फक्त त्याचं गणित संगणकावर होतं.

लाकडानंतरचा धातूचा काळ थोडक्यात उरकतो. गॅरी अ‍ॅडम्स या गृहस्थाने १९७९मध्ये टेलरमेड ही कंपनी काढली आणि पोलादाचं पोकळ डोकं बाजारात आणलं. लोकांनी त्याला ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हटलं, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचं गाव. १९९१मध्ये कॅलवेचा ‘बिग बर्था’ आला, पोलादाचाच, पण मोठ्या डोक्याचा. १९९५मध्ये त्याच कंपनीने टायटॅनियमचा ‘ग्रेट बिग बर्था’ आणला. टायटॅनियमची घनता ४.४, पोलादाची ७.८. त्याच वजनात डोकं फुगवता आलं, आणि पाहता पाहता ते ४६० घन सेंटिमीटरच्या कुंपणाशी जाऊन टेकलं. मोठ्या डोक्यामुळे हौशी खेळाडूलाही चेंडू नीट मारता येऊ लागला. पण आता आकार वाढवायला जागा नव्हती आणि धातू आणखी पातळ करायलाही फारशी नव्हती. टायटॅनियमचं ओतकाम अर्ध्या मिलिमीटरच्या खाली नेणं फार कठीण जातं.

मग कार्बन. याची पहिली ओळख आपल्याला बॅडमिंटनच्या रॅकेटने करून दिली. शाळेच्या मैदानावर योनेक्सची रॅकेट ज्याच्याकडे तो राजा असायचा. त्याच योनेक्सने १९८०च्या दशकात कार्बनच्या डोक्याचे गोल्फ क्लब काढले होते. कार्बनचा एक तंतू सुमारे ७ मायक्रॉन जाड, म्हणजे डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. असे हजारो तंतू शेजारी शेजारी निजवून इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवतात आणि त्याचे पातळ, किंचित चिकट तक्ते तयार करतात. रेझिन आपोआप घट्ट होऊ नये म्हणून हे तक्ते शून्याखाली १८ अंशांवर, शीतकपाटात ठेवावे लागतात. एकेका थराची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या-सातव्या भागाएवढी. तंतूच्या दिशेने हा थर जितका ताठ, आडव्या दिशेने त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तिथे तंतू कामाला येत नाही, सगळा भार एकट्या रेझिनवर. म्हणून थर एकावर एक ठेवताना दिशा बदलत जातात: शून्य अंश, पंचेचाळीस, नव्वद, उलटा पंचेचाळीस, आणि मध्यापासून पुढे तोच क्रम उलटा. मग साच्यात घालून सव्वाशे-दीडशे अंशांवर दाबून भाजतात.

या थरांवरची काळी चौकड्यांची वीण लोकांना फार आवडते. नांदेडच्या बाजारात दुचाकीच्या टाकीवर डकवायला तशा छापाचे स्टिकर मिळतात. खरं सांगायचं तर विणलेल्या कापडात तंतू वर-खाली वळतो, त्यामुळे त्याचा ताठपणा सरळ निजवलेल्या तंतूपेक्षा थोडा कमीच भरतो. पुष्कळ वेळा वीण असते ती वरच्या एका थरात, दाखवण्यापुरती, आणि कष्ट करणारे सरळ थर खाली झाकलेले.

ड्रायव्हरमध्ये कार्बन पहिल्यांदा पक्का बसला तो माथ्यावर, ज्याला क्राऊन म्हणतात. चेंडू तिथे लागत नाही, त्यामुळे तिथलं वजन जवळजवळ फुकट जातं. हिशेब करू. माथ्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरा. अर्धा मिलिमीटर टायटॅनियम लावलं तर २२ ग्रॅम. कार्बन थोडा जाड, ०.७ मिलिमीटर, लावला तरी त्याची घनता १.५५च्या आसपास असल्याने ११ ग्रॅम. वाचले ११ ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण २०० ग्रॅमच्या संसारात हे ११ ग्रॅम मोकळे झाले आणि ते हवे तिथे ठेवता आले, ही मोठी कमाई.

ते ठेवतात खाली आणि मागे. चेंडू डोक्याच्या नेमक्या मध्यावर न लागता टोकाकडे लागला की डोकं गर्रकन वळतं आणि चेंडू भलतीकडे जातो. वळण्याला विरोध किती, हे वजन मध्यापासून किती दूर आहे त्याच्या वर्गावर ठरतं. ते ११ ग्रॅम मध्यापासून ३ सेंटिमीटरवर असतील तर त्यांचा वाटा ९९. तेच ६ सेंटिमीटरवर नेले तर ३९६. अंतर दुप्पट, विरोध चौपट. या विरोधालाही नियमाने ५,९०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटरची मर्यादा आहे, पण ती एकाच अक्षाभोवती. त्यामुळे २०२४मध्ये पिंग आणि टेलरमेड या दोघांनीही आडव्या-उभ्या दोन्ही अक्षांची बेरीज करून ‘१०,०००’चा आकडा जाहिरातीत मिरवला. आकडा खोटा नाही. दोन आकड्यांची बेरीज एक आकडा म्हणून सांगितली, एवढंच.

माथा सोपा. अवघड होता चेहरा, जिथे सात क्विंटल पडतात. कार्बनच्या थरांचं बळ थरांच्या आत असतं. दोन थरांच्या मधे तंतू नसतो, नुसतं रेझिन असतं. चेहरा फटक्यासरशी आत दबून परत येतो तेव्हा प्रत्येक थर शेजारच्या थरावरून घसरू पाहतो. हे हजारदा झालं की थर सुटायला लागतात. वरून काहीच दिसत नाही, आत मात्र पोकळी. विमानाच्या अंगावर अशी पोकळी शोधण्याची एक जुनी, बिनखर्ची रीत आजही चालते: नाण्याने ठोकत जायचं आणि कान द्यायचा. आपण बाजारात माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघतो, तीच परीक्षा. पक्का असेल तर आवाज खणखणीत, सुटला असेल तर बद्द.

आवाजाने या गोष्टीत भलताच घोळ घातला. कॅलवेने २००२मध्ये जवळजवळ पूर्ण कार्बनचा ड्रायव्हर काढला, नाव ‘सी-फोर’. मारायला वाईट नव्हता, पण कार्बन कंप शोषून घेतो. टायटॅनियमच्या टणत्काराला सरावलेल्या कानांना तो ‘ठप्प’ वाटला आणि खेळाडूंनी तो बाजूला ठेवला. माणूस अंतर मोजण्याआधी आवाज ऐकतो आणि आवाजावरून निकाल देऊन मोकळा होतो. त्यानंतर कार्बनचे क्लब बनवणाऱ्यांनी आवाजाचा पाठलाग सोडला नाही. डोक्याच्या आत कुठे फासळी घातली म्हणजे काय सूर निघेल, हे आता आराखड्यातच ठरवलं जातं.

कार्बनचा चेहरा मोठ्या प्रमाणावर आला २०२२मध्ये, टेलरमेडच्या ‘स्टेल्थ’मध्ये. चेहऱ्यात कार्बनचे ६० थर. कंपनीने दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्याचं वजन २६ ग्रॅम, तेवढ्याच टायटॅनियमच्या चेहऱ्याचं ४३. ओल्या चेंडूवर गुळगुळीत कार्बन घसरतो, म्हणून वर पॉलियुरेथेनचा पातळ, खरबरीत पापुद्रा. त्याच वर्षी स्कॉटी शेफलर या खेळाडूने मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा जिंकली ती याच जातीच्या ड्रायव्हरने. मधल्या काळात थर सोडून वेगळी वाटही शोधून झाली होती. २०१०मध्ये कॅलवेने लॅम्बोर्गिनी या मोटार कंपनीबरोबर तंतूंचे बारीक तुकडे रेझिनमध्ये कालवून, दाबून भाग बनवायची पद्धत काढली. तीत दिशांचा हिशेब सुटतो आणि काम झटपट होतं. पण जिथे मार कुठून येणार हे ठाऊक आहे, तिथे मोजून ठेवलेल्या थरांची सर त्याला येत नाही.

हीच विद्या आपल्या आसपास किती आहे ते बघा. धाराशिव-बीडच्या माळावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती म्हणजे काचतंतूंचे थर, मधे बाल्सासारखं हलकं लाकूड. गोव्यात पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत किनेको ही कंपनी रेल्वेसाठी आणि विमानांसाठी असे थरांचे भाग बनवते. वंदे भारतचं टोकदार नाकही काचतंतूंच्या थरांचंच. मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू होऊन आठवडा झाला नव्हता तोच, ६ ऑक्टोबर २०२२ला, ती अहमदाबादजवळ म्हशींच्या कळपावर गेली आणि नाक फुटलं. लोकांनी खूप थट्टा केली. पण ते नाक गाडीचा सांगाडा नव्हे, हवा कापण्यासाठी लावलेला मुखवटा आहे. फुटला, रात्रीतून बदलला, गाडी दुसऱ्या दिवशी धावली. लातूरला हरंगुळजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. आपल्या भागातल्या आयटीआयच्या पोरांनी वेल्डिंगच्या जोडीला थरांचं काम शिकून घ्यावं, असं मला फार वाटतं. त्याला हात लागतो, नजर लागते, आणि गणित मिस्त्रीच्या प्लायइतकंच ओळखीचं आहे.

या पदार्थाचे दोष सांगायलाच हवेत. भाजलेलं इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. टायटॅनियमचं डोकं मोडीत घालता येतं, कार्बनचं नाही. पवनचक्कीची जुनी पाती टाकायची कुठे, हा प्रश्न जगभर उभा आहे तो याचमुळे. दुसरं म्हणजे गोंद. कार्बन तापला तरी जवळजवळ फुगत नाही, टायटॅनियम फुगतं, आणि दोघांना धरून ठेवतो मधला गोंदाचा थर. आमच्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत क्लब ठेवू नयेत, हा सल्ला उगाच दिलेला नाही.

आणि कुणी नांदेडकर-लातूरकर पुण्या-मुंबईला किंवा अमेरिकेत मुलाकडे जाऊन हा खेळ सुरू करणार असेल, तर त्याच्यासाठी एक गोष्ट. कार्बनचा चेहरा म्हणजे चेंडू फार लांब जाणार, असं दुकानदार सांगेल. चेहऱ्याची उसळी नियमाने बांधलेली आहे: शंभराच्या वेगाने आदळलेला चेंडू त्र्याऐंशीच्या वर परत यायचा नाही. ही हद्द टायटॅनियमने केव्हाच गाठली आहे. कार्बनने मिळतं ते एवढंच की वाकड्या फटक्याची शिक्षा कमी होते. ‘स्टेल्थ’ आला तेव्हा त्याची किंमत जवळजवळ ६०० डॉलर होती. ज्याचे दहांतले सात फटके वाकडे जातात त्याला हे पैसे वसूल होतील; पण त्याने आधी त्यातला निम्मा पैसा शिकवणाऱ्याला द्यावा आणि जुना टायटॅनियमचा ड्रायव्हर घ्यावा, असं माझं मत आहे.